टॅक्स, कर्ज आणि कपात: वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या बजेटवर लिहिलं होतं. कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या चालू खर्चाला उत्पन्न कमी पडतं ती, ४५ हजार ८९१ कोटींची, एवढंच सांगून थांबले होते, तर पत्रांचा ढीग आला. सगळी काही घेता येणार नाहीत. ट्रेझरीत, जिथून सरकारी बिलं फिटतात तिथे, तीस वर्षं काढलीत त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कुठे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

ताई, मी आयटीत आहे. दरवर्षी दोन-अडीच लाख टॅक्स कापला जातो आणि तो लाडक्या बहिणींना वाटून टाकतात म्हणून कर्ज वाढतंय. सगळ्या फुकट योजना बंद केल्या की प्रश्न मिटला, बरोबर ना?
– एक वाचक, वाकड

मी चार घरी पोळ्या करते, मला पंधराशे येतात. एका घरातले साहेब म्हणतात तुम्ही टॅक्स भरत नाही, आमच्या जिवावर खाता. खरंच आम्ही काहीच भरत नाही का?
– एक भगिनी, मिरज

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली म्हणून उत्तर एकत्रच देते.

आधी मिरजेच्या ताई. तुम्ही टॅक्स भरता आणि रोज भरता. मोबाईलवर २९९चं रिचार्ज मारलंत की त्यातले ४५ रुपये जीएसटीचे असतात. अंगाचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू यांवर सप्टेंबर २०२५पर्यंत १८ टक्के होता, आता ५ झालाय, पण आहेच. कामावर रिक्षाने गेलात तरी तिच्या इंधनावरचा कर भाड्यातून तुमच्याच पर्समधून जातो. तुम्ही इन्कम टॅक्स भरत नाही एवढंच, आणि तो आता नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कमावणाऱ्यालाही भरावा लागत नाही, त्याला कुणी असं बोलत नाही. तेव्हा मान खाली घालू नका.

आता वाकडचे दादा. तुमची चीड मला कळते, पगार हातात यायच्या आधीच टॅक्स कापला जातो त्यामुळे तो डोळ्यात खुपतो. पण हिशोब करून बघा. लाडकी बहीणला या बजेटात ३६ हजार कोटी ठेवले. समजा उद्या सकाळी योजना बंद केली, तरी ४५ हजार ८९१मधून ३६ हजार गेले की ९ हजार ८९१ कोटींची महसुली तूट उरतेच! योजनेचं ओझं मोठं आहे हे मी नाकारत नाही. उत्पन्नाची अट अडीच लाखांची असूनही निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईत पैसे सोडले आणि छाननी नंतर करत बसावं लागलं, हे चूकच. आणि तूट डोळ्यांसमोर असताना पंधराशेचे एकवीसशे करू असं सांगणं तर अजिबात पटलं नाही. पण सगळं कर्ज त्या बायकांच्या नावावर टाकणं हा अन्याय आहे.

ताई, ९ लाख कोटी म्हणजे माझ्या डोक्यावर किती? आपली श्रीलंका होणार का?
– अकरावीचा विद्यार्थी, लातूर

अरे, १३ कोटी लोक धरले तर माणशी बहात्तर हजारांच्या आसपास. पण या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. कर्ज कशासाठी काढलं ते बघ. तुझ्या आजोबांनी विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं तर विहिरीच्या पाण्यावर ते फिटतं, पण किराणा भरायला काढलं तर महिन्याने किराणा संपलेला आणि हप्ता चालू. राज्याची २०२५-२६ची राजकोषीय तूट, म्हणजे साधारण जेवढं उधार घ्यायचंय ते, १ लाख ३६ हजार २३५ कोटी आणि त्यातली महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. म्हणजे उधारीच्या दर तीन रुपयांतला एक रुपया किराण्यात चाललाय. मला झोप येत नाही ती या एका रुपयामुळे.

श्रीलंका मात्र होणार नाही. एप्रिल २०२२मध्ये त्यांनी परदेशी कर्ज फेडणं थांबवलं कारण ते कर्ज डॉलरमधलं होतं आणि डॉलर संपले होते. आपल्याकडेही १९९१ साली डॉलर संपत आले तेव्हा ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पाठवावं लागलं होतं, आमच्या ऑफिसात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. पण सरकारचं आजचं बहुतेक कर्ज रुपयातलं आणि घरातलंच आहे. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावीच लागते, म्हणजे तुझ्या आजीची एफडी असेल तर तिनेही सरकारला उसने दिलेत. शिवाय एलआयसी आहे, पीएफ आहे. राज्याला परस्पर परदेशातून कर्ज काढता येत नाही, आणि केंद्राचं देणं बाकी असेल तर घटनेच्या कलम २९३प्रमाणे केंद्राची परवानगी लागते. राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून वर्षाच्या उत्पन्नाशी (सरकारच्या नुसत्या महसुलाशी नव्हे) तुलना केली तर आपलं कर्ज १९ टक्क्यांच्या आसपास आहे, मर्यादा २५ची.

काळजी करायची तर व्याजाची कर. केंद्राच्या २०२५-२६च्या बजेटात खर्चाच्या एका रुपयातले २० पैसे नुसते व्याजात जातात आणि संरक्षणाला ८. येणाऱ्या रुपयातले २४ पैसे परत उधारीचेच.

सरकार काटकसर म्हणतं आणि आमच्या जिल्ह्यात छोट्या ठेकेदारांची बिलं वर्षभर थकलीत. कपात करायचीच तर नेमकी कुठे करावी?
– एक वाचक, यवतमाळ

या प्रश्नाचं उत्तर मी आकड्यांनी देऊ शकत नाही, आधी एक रात्र सांगते.

३१ मार्च होता. मार्च एंडला ट्रेझरीत पहाटेपर्यंत दिवे चालू असतात, टेबलांवर बिलांची पुडकी, बाहेर बाकांवर ऑफिसाऑफिसांचे क्लार्क बसलेले. एका ग्रामीण रुग्णालयाचे हेडक्लार्क संध्याकाळी पाचपासून होते, मांडीवर रेक्झिनची पिशवी, त्यात अँब्युलन्सच्या डिझेलचं बिल. त्यांच्या हेडखाली, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यावर, ग्रँट (सरकारने सोडलेला निधी) नव्हती, ती बीम्सवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी कॉम्प्युटर सिस्टीमवर, पडेल म्हणून दर दहा मिनिटांनी उठून यायचे आणि मॅडम एकदा बघता का म्हणायचे. रात्री साडेअकराला पडली, ती मागितल्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्यांनी आवाज चढवला नाही, बिलाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाले, मॅडम, पंपवाला आता उधार देणार नाही.

त्याच दिवशी पगाराचं एकही बिल परत गेलं नव्हतं. जाऊही नये. पण कात्री कुठे चालते ते बघा. पगार, पेन्शन, व्याज हा बांधील खर्च, त्याला हात लावता येत नाही. मार्च २०२३मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा सरकारला आठवड्याच्या आत बोलणी करून तोडगा काढावा लागला. मतांच्या योजनांना कुणी हात लावत नाही. मग उरतं काय, तर औषधं, डिझेल, शाळेच्या छपराची दुरुस्ती आणि ठेकेदाराचं बिल. त्या हेडक्लार्कसाठी कुणी मोर्चा काढत नाही म्हणून कपात तिथे होते, आणि कागदावर तिला कपात म्हणतही नाहीत, नुसती ग्रँट येत नाही. विधानसभेत मंजूर झालेला आकडा आणि बीम्सवर खरोखर सोडलेला आकडा यांत केवढा फरक असतो हे आम्हा ट्रेझरीवाल्यांना पाठ असतं, लोकांपर्यंत ते पोचतच नाही.

माझं मत विचाराल तर कपात पुरवणी मागण्यांपासून, म्हणजे बजेटनंतर मागितल्या जाणाऱ्या जादा खर्चापासून, सुरू करावी. मार्चमध्ये बजेट मांडलं आणि पावसाळी अधिवेशनात लगेच ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, तीन-चार महिन्यांत एवढं काय नवीन कळलं? खरी आपत्ती असेल तर जरूर मागा, एरवी मार्चचा आकडा पाळा. दुसरं म्हणजे जुनी बिलं फिटेपर्यंत नव्या कामाचा नारळ फोडू नये आणि खात्यावार किती बिलं थकलीत ते दर तीन महिन्यांनी जाहीर करावं, ठेकेदाराच्या हाताखालच्या मजुराची दिवाळी त्या बिलावर असते.

आणि कपातीवर बोलतो तसं उत्पन्नावर पण बोलायला हवं. मार्चच्या बजेटात ३० लाखांच्या वरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर सुचवला होता, तो त्याच बजेट अधिवेशनात मागे घेतला. ३० लाखांची गाडी घेणाऱ्याला तो झेपला असता.

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये प्रोफेशनल टॅक्स का कापतात? आणि फेब्रुवारीत ३०० कसे?
– एक शिक्षिका, बार्शी

ताई, हा प्रश्न विचारलात म्हणून मनापासून आभार, कारण या टॅक्सची गोष्ट आपल्याकडे विसरली गेलीय. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उतरली होती. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली तिचा प्रयोग झालेला होता. दुष्काळानंतर ती राज्यभर चालवायची तर पैसा कुठून आणायचा, म्हणून १९७५ला हा व्यवसाय कर आणला, शहरातल्या पगारदाराने द्यायचा आणि तो खेड्यातल्या रोजगार हमीच्या कामावर लागायचा, वर सरकार आपला हिस्सा घालणार. १९७७ला हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. माझ्या वडिलांच्या पगारातूनही हा कर कापला जायचा, आणि पैसे विहिरीला, बांधाला गेलेत असं ते आम्हाला सांगायचे, त्यांनी कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही.

तुमच्या फेब्रुवारीचं उत्तर सोपं आहे. घटनेच्या कलम २७६ने या कराला वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातलीय. अकरा महिने २०० म्हणजे २२०० होतात, उरलेले ३०० एका महिन्यात घेतात.