दानाच्या वहीतल्या बाई

प्रश्न : मावशी, सलाम. माझे यजमान मनापासून ख्रिस्ती आहेत. रोजची प्रार्थना, मंडळीतली सेवा, कशात कमी नाही. आमचा कपडे शिवून देण्याचा छोटा व्यवसाय आहे. रोख येणाऱ्या पैशांतला बराच भाग ते हिशेबात दाखवत नाहीत, आणि त्यावर जेवढा कर झाला असता तेवढे, कधी त्याहून जास्तच, गरजूंना देतात. ‘सरकार पैसा उधळतं, शस्त्रांवर घालवतं. मी थेट गरिबाच्या हातात देतो. देवाचं ते देवाला,’ असं त्यांचं म्हणणं. स्वतःसाठी त्यातला छदामही ठेवत नाहीत, हे खरं आहे. दानाची वेगळी वही आहे, ती मी लिहिते. कोणाच्या मुलाची फी, कोणाचं घरभाडं, आमच्याकडे काजं-बटणं करणाऱ्या बाई दोन महिने आजारी होत्या तेव्हा त्यांना दिलेले पैसे, सगळ्याची नोंद आहे. तरी माझं मन खातं. हे पाप आहे का? असेल तर यांना कसं समजावू?

उत्तर : अगं, कराचं नंतर पाहू. आधी त्या काजं-बटणं करणाऱ्या बाईंचं बोल.

त्या तुमच्याकडे काम करतात. आजारी पडल्या, घरी राहिल्या, आणि त्यांना दिलेले पैसे तू लिहिलेस कुठे, तर दानाच्या वहीत. मुलाच्या फीच्या आणि कोणाच्या तरी भाड्याच्या रांगेत. पगारपत्रकावर त्यांचं नाव आहे का? तू लिहिलेलं नाहीस, पण मी पैजेवर सांगते, नसणार. जे पैसे आलेच नाहीत असं कागदावर म्हणायचं, त्यातून पगार दिला असं कागदावर कसं म्हणणार? मिळकत लपवली की त्या मिळकतीवर राबणारं माणूसही लपवावं लागतं. मग त्या माणसाला आजारपणाची रजा नाही, म्हातारपणासाठी बाजूला काही पडत नाही, उद्या दुसरीकडे काम मागायला गेली तर इथे राबल्याचा पुरावा नाही. हक्काने मिळायचं ते तिने दारात येऊन मागायचं, मिळालं की आभार मानायचे, आणि तू ते यजमानांच्या दानतीच्या खात्यात मांडायचं.

यावर येशू फार स्पष्ट बोलला आहे, फक्त ते तुझे यजमान म्हणतात त्या कैसराच्या नाण्याच्या गोष्टीत, ‘कैसराचं म्हणजे रोमी बादशहाचं ते कैसराला द्या, देवाचं ते देवाला’ या वचनात, शोधू नकोस. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात पाहा. काही लोक आईवडिलांना लागणारा पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेला, असं जाहीर करून मोकळे होत. म्हाताऱ्यांनी मागितलं तर उत्तर तयार : आता ते देवाचं झालं. वर त्याला धर्माचा आधार. ही सोय चालू ठेवणाऱ्या परूश्यांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे तेव्हाच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, येशूने तोंडावर ढोंगी म्हटलं. देवाला द्यायला त्याची ना नव्हती. एकाचं देणं चुकवून ते दुसऱ्याला अर्पण करायचं आणि वर भक्त म्हणवून घ्यायचं, याची त्याला चीड होती. तुमच्या वहीत दुसरं काय चाललंय? कर हे देणं आहे, बाईंचे आजारपणातले पैसे हेही देणंच. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अगदी हेच बजावलं, की न्यायाने जे द्यायलाच हवं ते दया म्हणून देऊ नका. तुम्ही कॅथलिक असा नाहीतर नसा, वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे.

सरकार उधळतं म्हणे. प्रेषित पौलाने रोमकरांना पत्र लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरोसारखा जुलमी बादशहा होता, आणि त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या असं आहे. शस्त्रांसाठी पैसा द्यायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. त्याचाही एक सरळ रस्ता आहे. १७५५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन वुलमन आणि त्यांच्या सोबतच्या क्वेकरांनी, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, युद्धासाठी लावलेला कर आपण भरू शकत नाही आणि त्यापायी सोसावं लागलं तर सोसू, असं खाली सह्या करून लिहिलं. यजमानांना हे जमणार असेल तर जरूर करू दे. रोख पैसे खणात सारायला मात्र सदसद्विवेक लागत नाही.

आणि मेथडिस्ट पंथ उभा करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली! गरिबांना देण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं? १७७६ मध्ये अबकारी अधिकाऱ्यांनी त्यांना लिहिलं, की तुमच्याकडची चांदीची भांडी तुम्ही करासाठी नोंदवलेली नाहीत. त्यांनी कळवलं : लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत, ब्रिस्टलला दोन, सभोवती इतक्या लोकांना भाकरी मिळत नसताना आणखी घेणार नाही. चार चमचे, तेसुद्धा मोजून सांगितले. याच माणसाने त्याआधी चोरट्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी पत्रक काढून त्यांना सुनावलं होतं, की जकात चुकवणारा राजाचाच नव्हे, सगळ्या देशबांधवांचा खिसा कापतो.

पाप आहे का, विचारतेस. हो, आहे.

आता तुझ्याकडे वळते. तुझं मन खातं, पण पेन कुठे थांबलंय? ती वही यजमानांच्या हातची नाही, तुझ्या हातची आहे. बाईंना कोणत्या पानावर टाकायचं हे तूच ठरवलंस, आणि पत्रातही त्यांना घरभाड्याच्या मागोमाग उरकून टाकलंस. भोळ्या बायकोचं सोंग मला सांगू नकोस. समजावण्याच्या भानगडीतही पडू नकोस. जो माणूस वचनाचा अर्धा भाग तोंडपाठ म्हणतो त्याला उरलेला अर्धा ऐकवून काही होत नाही, तो तिसरं वचन काढतो.

त्यापेक्षा येत्या पगाराला बाईंचं नाव, पूर्ण नाव, पगारपत्रकावर चढव. किती दिला, कोणत्या महिन्याचा, त्यांची सही, आणि एक पावती त्यांच्या हातात. आजारपणात दिलेली रक्कम दानाच्या वहीतून काट. यजमानांना एवढंच सांग, की ही दुसरी वही मी आजपासून लिहिणार नाही. बाकी आपोआप होईल. पगार कागदावर आला की तो कुठल्या पैशातून दिला हे कागदावर आणावं लागतं, आणि मिळकत वर आली की कर आलाच.

ते म्हणतील, मग गरिबांचं काय? कर भरून, पगार देऊन जे उरेल त्यातून द्या. हात आखडेल, एखाद्या मुलाची फी भरायची राहील. ती तुमच्या घरखर्चातून काढा. आजवर दान केलंत ते सरकारच्या आणि बाईंच्या पैशातून. आता स्वतःच्या पैशातून करायला काय हरकत आहे?

यजमान चार दिवस धुमसतील, धुमसू देत. मागच्या वर्षांच्या कराचं काय करायचं ते करसल्लागाराला विचारावं लागेल. तिथे मात्र दोघांनी मिळून जा, आणि दोन्ही वह्या घेऊन जा.