'वर्णद्वेष' नको, 'पूर्वाग्रह' तर नकोच

प्रश्न आलाय तो असा, की अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावच्या पोलीस खात्यावर २०१५ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने जो अहवाल काढला त्याचं मराठी करताना 'इन्स्टिट्यूशनल रेशल बायस'ला 'संस्थात्मक वर्णद्वेष' म्हटलं तर चालेल का, की 'वांशिक पूर्वाग्रह' बरा.

आधी तो पूर्वाग्रह काढा बघू. टीव्हीवाले दिवसातून दहादा म्हणतात म्हणून तो मराठी होत नाही. मराठीत पूर्वग्रह. आग्रह आपण दुसऱ्याला करतो, ग्रह आपला होतो, 'माझ्याविषयी वाईट ग्रह करून घेऊ नका' असं म्हणतो ना, तोच हा. ग्रह् म्हणजे पकडणं, धरणं, आकाशातले ग्रहसुद्धा त्याच धातूचे. मध्ये तो 'आ' घुसवून काय मिळतं देव जाणे.

आता वर्णद्वेष. द्वेष म्हटला की द्वेष करणारा कोणीतरी लागतो आणि इथे नेमकी तीच अडचण आहे. त्याच अहवालातली एक कृष्णवर्णीय बाई घ्या. २००७ मध्ये एकदा गाडी चुकीच्या जागी लावली, दोन चिठ्ठ्या फाटल्या, १५१ डॉलर दंड वर फी. पैसे नव्हते, तारखा चुकल्या, मग आणखी दंड, दोनदा अटक, सहा दिवस कोठडी, ५५० डॉलर भरून झाले तरी २०१४ च्या डिसेंबरात ५४१ डॉलर बाकीच! तिचा द्वेष नक्की कोणी केला? चिठ्ठी फाडणाऱ्याने, कोर्टातल्या कारकुनाने, का दंडाच्या पैशावर बजेट बसवणाऱ्या नगरपालिकेने? जो तो म्हणणार मी नियमाप्रमाणे केलं. पण गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के आणि २०१२ ते २०१४ मध्ये गाडी थांबवलेल्यांत ८५ टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. त्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आणि बेकायदा काही सापडायचं मात्र गोऱ्यांपेक्षा कमी. (अधिकाऱ्यांच्या ईमेलांत घाणेरडे विनोदही सापडले होते, तिथे द्वेष म्हणा खुशाल, माझी ना नाही.)

बायस हा मुळात फ्रेंच, तिरका असा अर्थ, पण इंग्रजीत तो रुळला तो हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळात. गोळा मुद्दाम एका अंगाने जड ठेवायचा, की कितीही सरळ सोडला तरी जाता जाता वळणार. टाकणाऱ्याचा हात सरळ, खोट गोळ्यात! हे वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच मराठी शब्द घोळतोय आणि तो म्हणजे पासंग.

'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' एवढंच आता उरलंय त्याचं, अर्थ विचारला की निम्मे लोक गप्प. पासंग फारसीतून आलाय, त्यातला संग म्हणजे दगड, संगमरवरातला, सत्संगातला नव्हे. रिकाम्या तराजूचं एक पारडं जरा खाली राहतं, तो फरक म्हणजे पासंग, आणि तो मोडायला हलक्या पारड्यात घालतात तो दगडही पासंगच. काही कोशप्रेमी मंडळी मला दरवेळी सांगतात की पासंग म्हणजे फक्त तो घातलेला दगड, दुसरा अर्थ तुम्ही ओढूनताणून आणता. ओढत नाही हो, हिंदीत आजही तराजूत पासंग 'आहे' म्हणतात तो फरकच, आणि खोट आणि खोटीवरचा उपाय दोन्हीला एकच नाव ही मला ह्या शब्दाची सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. फर्ग्युसनमध्ये २०१६ साली न्याय खात्याशी करार होऊन कोर्टाच्या देखरेखीखाली सुधारणा सुरू झाल्या, तोही पासंगच की, दुसऱ्या अर्थाने.

काटामारी वेगळी, तिथे मारणारा असतो, त्याला पकडा, हाकला, प्रश्न मिटला. पासंगात दुकानदार बदला, गिऱ्हाईक बदला, माप चुकतच राहतं. हा फरक नीट कळला असता तर लंडनचे पोलीस आयुक्त मार्क रौली २०२३ मध्ये अडले नसते, लंडनचे पोलीस 'इन्स्टिट्यूशनली रेसिस्ट' आहेत असं सांगणाऱ्या केसी अहवालाचे निष्कर्ष त्यांनी मान्य केले पण 'इन्स्टिट्यूशनल' हा शब्द मी वापरणार नाही म्हणाले, संदिग्ध आहे म्हणे. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने त्याच पोलिसांसाठी त्याची चांगली सविस्तर व्याख्या करून ठेवली होती, नकळत होणारा पूर्वग्रहसुद्धा त्यात धरला होता, अजून किती स्पष्ट पाहिजे?

हां, तुमचं भाषांतर. शीर्षकात पासंग घालायला संपादक देणार नाहीत हे मलाही कळतं. मग 'संस्थागत वांशिक पूर्वग्रह' लिहा. संस्थात्मक म्हणजे संस्थेच्या स्वरूपाचा, संस्थागत म्हणजे संस्थेत जाऊन बसलेला, मुरलेला. वर्ण म्हटलं की आपला वाचक चातुर्वर्ण्यात शिरतो आणि वंशवाद म्हटलं की त्याला घराणेशाही आठवते, म्हणून वांशिक. पण आतल्या मजकुरात, त्या बाईच्या ५४१ डॉलरपाशी, एकदा तरी पासंग वापरून बघा आणि संपादकांनी काढला तर मला कळवा.