टारँटुलाच्या पिल्लाचे पहिले काही महिने

टारँटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी, पण तुमचे पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचे आहे, म्हणून त्याला मोठी काचपेटी देऊ नका. बारीक छिद्रे पाडलेली लहान डबी आणि त्यात पिल्लू बीळ करू शकेल इतके किंचित ओलसर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) पुरेसे आहे.

जास्त खायला घालण्याची घाई नवशिक्यांना हमखास नडते. आठवड्यातून दोनदा, पिल्लाच्या पोटापेक्षा लहान रातकिडा द्यावा. तेवढा लहान मिळाला नाही, तर मोठ्या रातकिड्याचा तोडलेला पायही चालतो, मात्र उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी न चुकता काढावे, कारण कोल्हापूरच्या पावसाळी हवेत त्यावर लगेच बुरशी धरते. एप्रिल-मे महिन्यांत उलट कोकोपीट झपाट्याने कोरडे पडते, तेव्हा एका कडेला पाण्याचे थेंब सोडावेत.

पिल्लाने खाणे सोडून बिळाचे तोंड बुजवले, तर ते बहुधा कात टाकण्याच्या तयारीत असते. त्या दिवसांत आत जिवंत किडा ठेवू नका आणि बीळ उकरू नका. कात टाकताना ते पाठीवर उताणे पडते. ते मेले असे समजून मी हलवले आणि माझे पहिले पिल्लू गमावले, याचे मला आजही वाईट वाटते. कात टाकल्यानंतर पुन्हा खायला देण्यापूर्वी विषदंत टणक होईपर्यंत सुमारे आठवडाभर थांबावे.