टिन फुगलाय, पण वास येत नाही... खाऊ का?

टिनमधल्या पदार्थांबद्दल प्रश्नांचा ढीग झालाय, आणि खरं सांगते, निम्मे प्रश्न तेच ते आहेत, फक्त शब्द वेगळे. म्हणून आज एकत्रच उत्तरं देते. मी २६ वर्षं कोकणातल्या कॅनिंग फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होते. आंब्याचा रस, स्वीटकॉर्न, मटार सगळं डब्यात जाताना आणि कधीकधी डब्यात बिघडतानाही बघितलंय. पण मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीचा प्रश्न आला की मी तुम्हाला डॉक्टरकडेच पाठवणार, त्याचा राग मानू नका.

स्वीटकॉर्नच्या टिनची 'बेस्ट बिफोर' तारीख दोन महिन्यांपूर्वीच गेली. टिन चांगला दिसतोय. टाकू का? (पुणे)

'बेस्ट बिफोर' म्हणजे चव-रंगाची हमी तिथपर्यंत, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे ही दुसरी तारीख छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे, तर ती शोधा, आणि तीही गेली असेल तर टाकून द्या.

टिनमधलं अन्न वर्षानुवर्षं टिकतं म्हणजे त्यात प्रिझर्वेटिव्ह ठासून भरलेले असतात ना? आमच्या ग्रुपवर सगळे तेच म्हणतात. (ठाणे)

नाही. ग्रुपवर सगळे म्हणतात म्हणून ते खरं होत नाही हो. डबा टिकतो तो दोन गोष्टींवर, आधी झाकण हवाबंद बसवायचं आणि मग डब्यासकट आतलं अन्न तापवायचं, जंतू मरतात आणि बाहेरचा नवीन आत जाऊ शकत नाही. बहुतेक टिनमध्ये वेगळ्या प्रिझर्वेटिव्हची गरजच पडत नाही, लेबलवर घटकांची यादी असते ती वाचा. बघायचं असेल तर मीठ बघा. छोले, राजमा, मश्रूम हे मिठाच्या पाण्यात असतात, ते पाणी ओतून द्या, दाणे नळाखाली धुवा, मीठ बरंच कमी होतं. घरात बीपीचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

सुपरमार्केटमध्ये चेपलेले टिन अर्ध्या किमतीत लावलेत. घ्यावेत का? (नाशिक)

पोचा कुठे आलाय त्यावर आहे. डब्याच्या पोटावर, मध्यावर उथळ पोचा असेल, बोट फिरवल्यावर टोकदार कड लागत नसेल, तर बहुधा काही झालेलं नसतं. पण वरच्या-खालच्या कडेला, जिथे झाकण डब्याला जोडलेलं असतं, तिथे पोचा असेल किंवा उभ्या जोडावर असेल तर तो डबा फुकट मिळाला तरी घेऊ नका. त्या कडेला आम्ही डबल सीम म्हणतो. तिथे पत्र्याच्या पाच घड्या एकमेकीत अडकवलेल्या असतात, तीन झाकणाच्या आणि दोन डब्याच्या, मध्ये रबरासारखं सीलिंग कंपाउंड. दर शिफ्टला आम्ही लाइनवरचे काही डबे उचलून ती सीम कापून मायक्रोमीटरने मोजायचो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, कारण तेवढ्या फरकानेसुद्धा डबा श्वास घ्यायला लागतो. आणि तीच सीम दुकानात पेटी आपटून चेपलेली असताना वर 'ऑफर'चं स्टिकर लावून विकतात, याचा मला मनापासून संताप येतो. दोन-दोन टिन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात तेव्हाही बघा, पोचा किंवा तारीख नेमकी आतल्या बाजूला असते. छापलेल्या तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं दिसलं तर फोटो काढा आणि एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. नुसतं दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, तो तोच टिन दुसऱ्याला विकेल.

अननसाचा टिन फोडला, अर्धा उरला, तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का? (कोल्हापूर)

नाही. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आंबट फळाच्या उघड्या टिनला हवा लागली की आतल्या मुलाम्यातलं कथील भराभर रसात उतरतं आणि लोखंडी चव येते.

यंदा मटार स्वस्त होता. व्हिडिओ बघून काचेच्या बरण्यांत मटार आणि मिठाचं पाणी भरलं, झाकणं घट्ट लावली, मोठ्या पातेल्यात दोन तास उकळल्या. झाकणं आत ओढली गेलीत म्हणजे व्हॅक्यूम झालाय. बाहेर ठेवल्या तर वर्षभर टिकतील ना? (पुणे)

ताई, त्या बरण्या उघडू नका, चाखू नका. हे मी आधी लिहिते, कारण खालचं सगळं तुम्ही वाचलं नाहीत तरी एवढं वाचलं पाहिजे.

आता का ते. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू सगळीकडे असतो, मटाराच्या शेंगेवर, बटाट्यावर, लसणावर. एरवी तो काही करत नाही कारण त्याला हवा सोसत नाही, बीजाणू बनून गप्प पडून असतो. त्याला जागं व्हायला काय लागतं? हवा नको, ओलावा हवा, आंबटपणा कमी हवा आणि घरातली नेहमीची ऊब हवी. तुमची बरणी म्हणजे नेमकी हीच जागा आहे. तुम्ही जो व्हॅक्यूम बघून खूश झालात तो त्यालाच हवा होता. जागा झाला की तो जे विष तयार करतो ते माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात जहाल विषांपैकी आहे, आणि त्याला वास येईलच, रंग बदलेलच, झाकण फुगेलच असं अजिबात नाही.

"पण दोन तास उकळलं!" हे मला दर सीझनला ऐकायला मिळतं. अहो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात कित्येक तास तग धरतात. पाणी कितीही खळखळा उकळलं तरी ते शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे त्यामुळे तिथे ते ९८ लाच उकळतं. फॅक्टरीत मटारासारखा माल आम्ही रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास नेतो, आणि डब्याच्या मधोमध असलेल्या दाण्याला ती उष्णता पुरेसा वेळ मिळाली की नाही हे मोजतो. मेमधल्या एका रात्री आमच्या रिटॉर्टचा पारा आणि तापमान नोंदवणाऱ्या चार्टवरची रेघ यांत दोन अंशांचा फरक दिसला. दोनच अंश. पूर्ण बॅच बाजूला काढली, मालक चिडले, सुपरवायझरने समजूत घातली, पण एकही डबा गेटबाहेर गेला नाही. तुमच्या पातेल्याला तर वीस अंश कमी पडतात.

आंबटपणाचा आकडा लक्षात ठेवा, पीएच ४.६. त्याच्या खाली म्हणजे पुरेसं आंबट, तिथे हा जंतू वाढत नाही. म्हणून आंब्याचा रस, अननस, कोकम, लिंबाचं लोणचं वेगळं आणि मटार, मका, बटाटा, मश्रूम, कडधान्य, मटण-मासे वेगळे. आजीची लोणची टिकायची ती आंबट आणि मिठामुळे, बरणी हवाबंद होती म्हणून नाही. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवतात तेही याच कारणाने बंद करा.

"आपल्याकडे असं काही होत नाही" हेही ऐकते. १९९६ मध्ये गुजरातेतल्या एका निवासी शाळेत मुलांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाल्याची नोंद आहे, तिथे शेवेवर संशय होता. अमेरिकेत २०१५ साली ओहायोतल्या लँकेस्टरमध्ये चर्चच्या सामुदायिक जेवणात २९ जणांना बाधा झाली, एक बाई दगावल्या. कारण बटाट्याचं सॅलड, आणि ते बटाटे कुणीतरी घरीच बरण्यांत भरून साध्या उकळत्या पाण्यात तापवलेले होते. तुम्ही जे केलंत तेच.

घरच्या शिट्टीच्या कुकरमध्ये करू का, असं विचारू नका. त्यात बरण्या किती वेळ ठेवायच्या याचं तपासून ठरवलेलं कोष्टक नाही, आणि तो फार लवकर गार होतो. मटार ठेवायचाच असेल तर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात, निथळा, पिशवीत भरून फ्रीझरमध्ये. या बरण्या मात्र न उघडता दोन पिशव्यांत बांधून वर 'खाऊ नये' लिहा, आणि कशा टाकायच्या ते अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. गाईला, कुत्र्याला घालू नका. यातलं आधीच काही खाल्लं असेल तर पुढचं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

राजम्याचा टिन थोडा फुगला होता. वास नव्हता म्हणून सासूबाई म्हणाल्या उकळून घे. परवा खाल्ला. कालपासून मिस्टरांना दोन-दोन दिसतंय आणि गिळायला जड जातंय, ताप नाही. गॅस असेल का? (सोलापूर)

हा प्रश्न वाचल्या वाचल्या मी त्यांना कळवलं की मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. ते गेले, उपचार सुरू आहेत, आणि त्यांच्याच परवानगीने इथे छापतेय. दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं पडणं, बोलणं-गिळणं अडखळणं, यातलं काहीही टिनचं किंवा बरणीतलं खाल्ल्यावर झालं तर एक तासही थांबायचं नाही. लक्षणं बहुधा १२ ते ३६ तासांत येतात, पण कित्येक दिवसांनीही येऊ शकतात. ताप नसतो, माणूस शुद्धीवर असतो, म्हणून घरचे ओवा-सोडा देत बसतात. बॉट्युलिझमवरचं अँटिटॉक्सिन, म्हणजे विष निष्प्रभ करणारं औषध, जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं, कारण ते पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. जाताना रिकामा टिन पिशवीत घालून सोबत न्या आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते स्पष्ट सांगा.

फुगलेला प्रत्येक टिन विषारीच असतो असं नाही. कधी आंबट पदार्थाची पत्र्याशी क्रिया होऊन हायड्रोजन धरतो, कधी दुसरेच जंतू असतात. पण कुठला कोणता हे घरी कळत नाही. मलाही लॅबशिवाय कळत नाही.

आठ महिन्यांच्या बाळाला टिनमधली फळं? (औरंगाबाद)

बालरोगतज्ज्ञांना विचारा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इंडियन स्टोअरमध्ये आमरसाचे पाच-सहा प्रकारचे डबे असतात, सगळ्यांवर हापूसचं चित्र. खरा कुठला? (एडिसन)

चित्र सोडा, डबा फिरवून मागची यादी वाचा. 'आल्फान्सो मँगो पल्प' असं स्पष्ट लिहिलंय की नुसतं 'मँगो पल्प'? नुसतं मँगो असेल तर तो बहुधा तोतापुरी असतो, तामिळनाडूतल्या कृष्णगिरी आणि आंध्रातल्या चित्तूर भागातला. तोतापुरी वाईट नाही, पण मग हापूसचे पैसे का द्यायचे? 'केसर' लिहिलं असेल तर तो केसरच म्हणून घ्या, काहींना तोच जास्त आवडतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. 'कॅनिंगचा आंबा' म्हणजे सडका आंबा असंही पुष्कळ जण समजतात. तसं नाही, डाग असलेलं, आकाराला कमी-जास्त, पेटीत बसत नाही असं फळ कॅनिंगला जातं, आत गर तोच. यादीत सायट्रिक ॲसिड दिसलं तर घाबरू नका, आंबा जास्त पिकला की आंबटाई उतरते, पीएच परत ४.६ च्या खाली आणायला ते घालतात. साखर मात्र बघा, आणि डायबेटिस असेल तर किती वाट्या हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. ८५० ग्रॅमचा डबा एका वेळी संपत नसेल तर उरलेला छोट्या डब्यांत फ्रीझ करा.

टिन माळ्यावर ठेवते, वर पत्रा आहे. कुठेही ठेवले तरी सीलबंदच आहेत ना? (अकोला)

अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली? खाली काढा, आजच. डबा तापवताना काही उष्णताप्रेमी बीजाणू जिवंत राहतात, नेहमीच्या तापमानात ते निपचित असतात, पण डबा रोज तसा तापला की ते वाढतात आणि आतलं आंबतं, तेही डबा न फुगता. गॅसच्या वरचं कपाट, फ्रिजच्या मागची जागा, कारची डिकी हेही नको. सगळ्यात गार खोलीतलं खालचं फडताळ बघा, भिंतीला ओल नसलेलं. झाकणावर मार्करने खरेदीचा महिना लिहा आणि नवे टिन मागे सरकवा. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात गंज येतो, तो कोरड्या फडक्याने पुसून गेला तर ठीक. पुसल्यावर खड्डे दिसले, किंवा गंज सीमवर असला, किंवा तळाशी चिकट ओघळ लागला, तर तो टिन उघडून बघायचा नाही.