महिन्याचे पैसे वीस तारखेलाच संपतात

प्रश्न : मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील दरमहा ९,००० रुपये पाठवतात. त्यांतले ३,५०० कॉट बेसिसच्या खोलीला आणि ३,२०० मेसला जातात. उरलेले वीस तारखेपर्यंत संपतात. सिनेमा-हॉटेलवर माझा फारसा खर्च नाही. मागच्या आठवड्यात परीक्षेचा अर्ज भरायला पैसे नव्हते, म्हणून एका अ‍ॅपवरून ३,००० रुपयांचे कर्ज घेतले. खात्यात २,४०० आले. पंधरा दिवसांत मात्र पूर्ण ३,००० भरायचे आहेत. शिष्यवृत्ती आली की फेडू असे वाटले होते, पण ती अजून जमा झालेली नाही. दुसऱ्या अ‍ॅपवरून पैसे घेऊन हे फेडावे का? घरी काही सांगितलेले नाही.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दुसरे कर्ज मुळीच काढू नका. वापरायला मिळाले २,४०० आणि त्यांच्यावर पंधरा दिवसांचे मोजायचे ६००, म्हणजे पंधरवड्याला २५ टक्के. वर्षाच्या हिशेबाने हा दर सहाशे टक्क्यांच्या घरात जातो. महिना शेकडा पाच घेणारा गावचा सावकार यापेक्षा बरा म्हणायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर करत गेलात, तर दर फेरीला अशीच कपात होईल आणि मुद्दल जागच्या जागी राहील.

हे ३,००० रुपये वडिलांकडून मागून घ्या. कठीण वाटेल, पण अशा अ‍ॅपचे वसुलीवाले फोनमधल्या नंबरांवर घरच्यांनाच गाठतात, आणि ही गोष्ट वडिलांना त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणारी बँक किंवा वित्तसंस्था कोणती हे अ‍ॅपने सांगावे लागते, सर्व शुल्क धरून होणारा वार्षिक दर आधीच कळवावा लागतो आणि फोनमधील संपर्कांची यादी पाहता येत नाही. तुमच्या अ‍ॅपने हे पाळले नसेल, तर त्याला दिलेल्या परवानग्या काढा, सर्व व्यवहारांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि धमक्या आल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर व पोलीस ठाण्यात तक्रार करा.

आता मूळ दुखणे. तुम्ही उधळे आहात असे पत्रावरून वाटत नाही. तुम्ही हिशेब महिन्याचा करता आणि कॉलेजचा खर्च येतो वर्षाचा, एवढीच गफलत आहे. दोन सत्रांच्या परीक्षा अर्जांचे समजा ३,६००, जर्नल आणि झेरॉक्सचे २,०००, दिवाळीत व उन्हाळ्यात गावी जाण्या-येण्याचे ३,४०० आणि मोबाइल रिचार्जचे ३,०००, असे धरले तरी वर्षाला १२,००० होतात. म्हणजे खोली आणि मेस वजा जाता उरणारे २,३०० पूर्ण तुमचे नव्हतेच. त्यांतले १,००० दर महिन्याला आधीच खर्ची पडलेले होते. हातखर्चाला खरे १,३०० राहतात. आकडे तुमच्या पावत्यांप्रमाणे बदला, रीत तीच ठेवा.

प्रत्येक चहाची वहीत नोंद करा, असा सल्ला मी देणार नाही. आठवडाभरात ती वही उशाखाली जाते. त्याऐवजी दोन खाती ठेवा. वडिलांचे पैसे ज्यात येतात ते खाते फोनवरच्या यूपीआयला जोडू नका. किमान शिलकीची अट नसलेले दुसरे खाते यूपीआयला जोडा आणि त्यात दर सोमवारी ३०० रुपये टाका. टपरीवर स्कॅन करताना शिल्लक कमी पडली, की हात आपोआप आखडतो.

शिष्यवृत्ती प्रत्यक्ष जमा होईपर्यंत ती हिशेबात धरू नका. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा. तो महाविद्यालयाच्या पडताळणीतच अडकला असेल, तर कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय हलत नाही. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि अनेकांचे ते खाते शाळेत असताना गावाकडच्या बँकेत उघडलेले असते. पैसे तिथे येऊन पडलेले नाहीत ना, हेही तपासा. वरकमाई हवी असल्यास महाविद्यालयात ‘कमवा व शिका’ योजना आहे का ते विचारा. ग्रंथालयातले दोन-तीन तासांचे काम अभ्यासाच्या आड येत नाही.

मेसचा खाडा धरला जातो का, आणि किती दिवस आधी सांगावे लागते, हेही मालकांना विचारून ठेवा. दिवाळीच्या सुटीतल्या जेवणांचे पैसे पुढच्या महिन्यात वळते झाले, तर गावी जाण्याचे तिकीट बरेचसे त्यातच निघेल.