नफ्यात हुरळतो, तोट्यात खचतो. धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सगळे ‘धीर धर’ म्हणतात, पण तो कसा धरायचा ते कुणी सांगत नाही. मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. ध्यानधारणेतलं मला काही कळत नाही. पण कांद्याचा भाव माणसाला कसा नाचवतो, ते लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात रोज दिसतं, म्हणून तेवढ्यावरच बोलतो.

आमचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो. सगळ्यांचा एकदमच निघतो, त्यामुळे भाव पडलेला. मग चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा आणि पावसाळ्यात भाव चढेल तसा काढायचा. ऐकायला हा निव्वळ धीराचा धंदा वाटतो. पण चाळीतला कांदा गप्प बसत नाही. आधी वजन घटतं, पावसाळी हवेत सड आणि काजळी, म्हणजे काळी बुरशी, लागते, शेवटी कोंब फुटतात. चार-पाच महिन्यांत ३० टक्के घट आली तर कुणाला नवल वाटत नाही. आता हिशोब करा. मे महिन्यात १०० क्विंटल, क्विंटलला १,५०० रुपयांनी विकला असता, तर दीड लाख. सप्टेंबरात भाव २,००० झाला, पण चाळीतून ७० क्विंटलच निघाला, तर १ लाख ४० हजार. निवडायची मजुरी वेगळीच. भाव वाढला आणि पैसा कमी आला! पारावर मात्र गडी ‘दोन हजाराने दिला’ असंच सांगणार.

म्हणून नुसतं थांबण्याला मी संयम म्हणत नाही. पुष्कळदा ती हाव असते, नाहीतर निर्णयाची टाळाटाळ.

आमच्या घरात चाळ भरतानाच ठरतं. काही माल काढणीलाच विकायचा, त्यातून गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज आणि मजुरी भागवायची. काही पोळ्याच्या सुमाराला. उरलेला दसऱ्याच्या आत, भाव काही का असेना, कारण नवा लाल कांदा जोरात यायला लागला की जुन्याचा भाव टिकेल याची खात्री नसते. हे वहीत लिहायचं आणि आईला वाचून दाखवायचं. ती विसरत नाही. लिलावात ट्रॅक्टर उभा असताना नवीन काही ठरवायचं नाही. शेजारच्या ट्रॉलीला शंभर रुपये जास्त पुकारले की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. ठरल्याप्रमाणे विकून कधी वरचा भाव हुकतो, आणि जेवताना घरात त्यावरून टोमणेही ऐकावे लागतात. ऐकायचे.

तोट्यापेक्षा मला चांगल्या भावाच्या वर्षाची जास्त धास्ती वाटते. २०१९ च्या शेवटी किरकोळ बाजारात कांद्याने किलोला शंभरी ओलांडली. का? तर अवकाळी पावसाने खरिपाचं पीक झोपवलं होतं. ज्याच्याकडे माल वाचला त्याला पैसा मिळाला, आणि बरेच जण तो आपल्या हुशारीचा समजले. हप्त्यावर ट्रॅक्टर आले, लग्नं दणक्यात झाली. पुढच्या उन्हाळ्यात भाव बसले. हप्ते मात्र तेवढेच राहिले. पैसा आला की आधी पुढच्या हंगामाचं बियाणं, खत आणि मजुरी बाजूला काढा. मग पाहिजे तर मिरवा.

तोट्याच्या वेळी एकच विचारायचं: यात माझ्या हातातलं काय होतं? ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली आणि काही दिवसांतच इथले भाव जवळपास निम्म्यावर आले. तो लाल कांद्याचा हंगाम. लाल कांदा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. त्यात शेतकऱ्याची चूक कुठे शोधायची? सरकारवर रागवा, आंदोलनात जा, पण रात्री स्वतःला शिव्या घालत बसू नका. चाळीत हवा खेळत नव्हती म्हणून सडला असेल, तर तो दोष तुमचा. ती दुरुस्ती पुढच्या वर्षी करा.

आता एक गोष्ट उपदेश करणारे सांगत नाहीत. धीर धरायला आधी घरात दाणे लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला पाच क्विंटल कांदा विकून, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाला होता. त्याला कुठल्या तोंडाने संयम शिकवायचा? ज्याच्या दारात सावकार उभा आहे तो काढणीलाच विकणार, आणि त्याला अधीर म्हणण्यात अर्थ नाही. तुमचा धंदा कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण उसन्या पैशावर उभा असेल, तर आधी ते देणं कमी करा. मनाचं त्यानंतर बघू.