मेंदी, कॉफी आणि तिसरा रंग

प्रश्न : साखर पेठेत आमचा चादरी-टॉवेलांचा लहानसा यंत्रमाग कारखाना आहे. पंधरा वर्षांचा मुलगा सुट्टीत मदतीला येतो, पण मेंदी आणि कॉफी रंगाच्या सुताचे कोन हमखास एकमेकांत मिसळतो. मी त्याला पुष्कळदा रागावलो. आता त्याची आई सांगते की तिच्या वडिलांचेही असेच होत असे. हा आजार आहे का? उपचार आहे का? जनावरांना रंग दिसत नाहीत हे खरे का? आणि गोदामातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात वेगळी का दिसते?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : सर्वप्रथम विनंती अशी, की मुलाला रागावणे आजपासून थांबवावे. आपण लिहिलेल्या खुणा निष्काळजीपणाच्या नसून लाल-हिरव्या रंगांधतेच्या वाटतात. जपानच्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत रंगीत ठिपक्यांमध्ये दडलेले आकडे ओळखायचे असतात; कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे ही चाचणी काही मिनिटांत होते.

दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात आणि सुमारे ४२०, ५३० व ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशलहरींना त्या अनुक्रमे सर्वाधिक प्रतिसाद देतात. शेवटच्या दोहोंतले अंतर अवघे तीस नॅनोमीटरचे आहे. तरी मेंदी आणि कॉफी यांतला फरक मेंदू मुख्यतः या दोन प्रकारांच्या संदेशांची तुलना करूनच ओळखतो. त्यांतला एक प्रकार नसला, किंवा दुसऱ्याच्या फार जवळ सरकलेला असला, तर तुलनेला आधारच उरत नाही.

या दोन प्रकारांची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, म्हणून आजोबांचा वारसा आईच्या मार्गे नातवापर्यंत पोहोचतो, आणि आईला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही, कारण तिच्याकडे दुसरे एक्स असते. आजोबांना हाच दोष असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. यात आईचा काहीही अपराध नाही, हे घरात स्पष्ट बोलले जावे.

जनावरांना रंग दिसत नाहीत, हा समज चुकीचा आहे. गाय, बैल, कुत्रा यांच्याकडे शंकू पेशींचे दोन प्रकार असतात. निळा आणि पिवळा त्यांना वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा मात्र मिसळतात. आपल्याकडची लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर मात्र माणसासारखेच तीन प्रकारांनी पाहतात. आपल्या आणि त्यांच्या समान पूर्वजांत, काही कोटी वर्षांपूर्वी, एका जनुकाची चुकून जोडप्रत तयार झाली, पुढे दोन्ही प्रतींत थोडा फरक पडला आणि तिसरा रंग हाती आला. पिकलेली फळे ओळखण्यासाठी तो टिकला की पिंपळासारख्या झाडांची कोवळी, तांबूस पालवी हेरण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फळांच्या टंचाईत पालवीच तारते, म्हणून मला दुसरा तर्क अधिक पटतो. मात्र शेजारच्या त्या दोन प्रती इतक्या सारख्या आहेत, की स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची अदलाबदल कधी कधी चुकीच्या जागी होते आणि एक प्रत गळते. ज्या शेजारामुळे आपल्याला तिसरा रंग मिळाला, त्याच शेजारामुळे तो आपल्या मुलासारख्यांकडून जातो.

दक्षिण अमेरिकेतल्या अनेक माकडांत तर सगळे नर दोन प्रकारांचे असतात आणि काही माद्याच तीन प्रकारांच्या. तिथल्या कापुचिन माकडांच्या निरीक्षणांत, पानांत बेमालूम लपलेले कीटक पकडण्यात दोन प्रकारांची माकडे सरस ठरली आहेत. मुलाला हे अवश्य सांगावे.

उपचाराबाबत खोटी आशा देणार नाही. २००९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दक्षिण अमेरिकेतल्याच स्क्विरल माकडाच्या प्रौढ नरांच्या डोळ्यांत नसलेले जनुक पोहोचवले, आणि पुढे ती माकडे पूर्वी न ओळखता येणारे रंग ओळखू लागली. माणसांसाठी असा उपचार अद्याप नित्याचा झालेला नाही. रंगीत काचांचे चष्मे काही रंगांतला भेद ठळक करतात, पण नसलेली पेशी निर्माण करत नाहीत. सोलापूर रेल्वे विभागाचे ठिकाण असल्याने इथल्या अनेक मुलांना लोको पायलट व्हावेसे वाटते. त्या नोकरीला निर्दोष रंगदृष्टी लागते, म्हणून चाचणी आताच करून घ्यावी. वाहन परवान्याचा नियम मात्र केंद्र सरकारने २०२० मध्ये बदलला असून, सौम्य ते मध्यम रंगांधता असणाऱ्यांना परवाना मिळू शकतो. कारखान्यात प्रत्येक कोनावर शेड क्रमांकाची चिठ्ठी लावल्यास तो निर्धास्तपणे काम करील.

ट्यूबलाइटखालची फसगत निर्दोष डोळ्यांचीही होते. डोळा रंगाचा संपूर्ण वर्णपट, म्हणजे त्यातल्या प्रत्येक प्रकाशलहरीचे प्रमाण, मोजत नाही, तीन पेशींचे तीन संदेश तेवढे मेंदूकडे पाठवतो. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली दोन सुते ट्यूबलाइटच्या तुटक वर्णपटात तेच तीन संदेश देऊ शकतात आणि उन्हाच्या सलग वर्णपटात वेगळे. म्हणून शेड उत्तरेकडच्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात जुळवावी, आणि ज्या उजेडात गिऱ्हाईक माल पाहणार, त्याखालीही एकदा पाहून घ्यावी.